अडुळशाचं आवतण

वहाणेचा अंगठा तुटला नसता तर मला काहीच कळलं नसतं, आणि हे मी आजही तक्रारीच्या सुरातच सांगतो. बत्तीस सालची गोष्ट. कोर्ट सुटलं की आम्ही तिघे-चौघे कारकून मांडवीला जायचो, धक्क्यावर बसून मुंबईच्या बोटीतून कोण उतरलं, कोण चढलं, कोणाच्या ट्रंकेला नवीन कुलूप आलं याच्या चौकशा करायचो आणि दिवेलागण झाल्यावर पान चघळत आपापल्या घरी परतायचो. चौदा वर्षं यात खंड नव्हता. त्या बुधवारी चढावावर पाऊल टाकलं आणि डाव्या वहाणेचा अंगठा मुळापासून सुटला. वहाणा हातात घेऊन मी परत फिरलो. अनवाणी माणूस मोठ्या रस्त्यानं जात नाही, निदान कोर्टातला कारकून जात नाही, म्हणून मागच्या पाखाडीच्या पायऱ्या उतरलो आणि दगडी गडगा ओलांडून आमच्या परसात शिरलो. पायात काही नसल्यामुळे चाहूल लागली नाही. न्हाणीच्या भिंतीशी आलो तर पलीकडे, अडुळशाच्या झाडापाशी, आक्का बसलेली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण यमुना. बाराव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आली ती कायमची. आईमागं घर तिनंच चालवलं. आलवणाचा पदर सावरत तिनं मुठीतले तांदूळ बुंध्याशी ठेवले, वर एक सुपारी ठेवली, खोडाला हात लावला आणि शेजारणीशी बोलावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी तुला न्यायला येत्ये हो. भिकाजीच्या छातीतलं दुखणं घे."

भिकाजी म्हणजे मी. वय अडतीस, धंदा सरकारी नोकरी, प्रकृती ठणठणीत. म्हणजे त्या क्षणापर्यंत माझी तशी समजूत होती. मला आधी हसू आलं. म्हातारी चुकली, असं मनात म्हटलं. आजारी माझी बायको, आणि ही नाव घेते माझं. पण ते हसू ओठांपर्यंत पोचलं नाही, कारण आक्का चुकत नाही. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला मी म्हातारी म्हणतोय हेही तेव्हाच ध्यानात आलं. ती उठून मागच्या दारानं आत गेली तरी मी भिंतीला चिकटून तसाच उभा होतो, हातात वहाणा धरून, दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या माणसासारखा. मग मी एक खोल श्वास घेतला, मुद्दाम. तो पूर्ण आत गेला नाही. डाव्या बाजूला कुठंतरी अडला, आणि मला खोकला आला. तो मी वहाणा धरलेल्या हातानं दाबला.

आमचं घर झाडगावात, कातळावर. पाऊस संपला की चार महिन्यांत तिथं गवताची काडी राहत नाही. आक्कानं न्हाणीमागं कातळातला एक खळगा हेरला होता, पहारीनं तो ढोपरभर खोल करून घेतला होता आणि दोन वर्षं जिथून मिळेल तिथून टोपलीनं माती आणून भरला होता. त्यात तिनं गावच्या घरामागची अडुळशाची काडी लावली. आमचं गाव गणपतीपुळ्याच्या अलीकडे. आईवडील गेल्यावर तिथून आम्ही जे काही आणलं त्यात ही काडी. तांदळाचं धुवण तिला, चुलीतली राख तिला, वैशाखात तिच्या डोक्यावर झावळांचा मांडव. बकरीसुद्धा ज्या पाल्याला तोंड लावत नाही त्याचे एवढे लाड कशाला, असं मी चिडवायचो. "बकरीला छातीचं दुखणं नसतं," आक्का म्हणायची. तसा अडुळसा काय, आमच्या आळीतच कुंपणाला दहा झाडं असतील. पण आक्काच्या लेखी ती बिनकामाची. रस्त्यावरच्या झाडाला येणारा-जाणारा हात लावतो, त्याला नाव चिकटत नाही. औषधाचं झाड घरचं लागतं, आणि त्याला एका वेळी एकच नाव सांगायचं असतं. पाला तोडायच्या आदल्या तिन्हीसांजेला, जेवणाचं देतात तसं, झाडाला आवतण द्यायचं. ज्याचं दुखणं त्याचं नाव घ्यायचं. आणि सकाळी उन्हं यायच्या आत सात दिवसांचा पाला तोडून आणायचा. मग त्या सात दिवसांत तो घरात कोणीही प्यावा. गुण येणार तो नावाच्या माणसाला. बाकीच्यांना ते नुसतं कडू पाणी.

हे सगळं मी हसण्यावारी नेत आलो होतो. मी दिवसभर सरकारी कागदांच्या नकला करणारा माणूस, नाव म्हणजे काय ते मला आक्कापेक्षा जास्त कळतं असा माझा समज. कागदावर नाव चढलं की शेत इकडचं तिकडे होतं, हे मी रोज पाहत होतो. तरी झाडाला नाव कळतं म्हटलं की मी नाक मुरडायचो. बायको, कमळा, श्रावणापासून तापत होती. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, गालांवर दोन लाल ठिपके उमटायचे आणि बारीक, कोरडा खोकला सुरू व्हायचा. डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, पाठीला नळी लावली, कागदाच्या खुणा चिकटवलेली एक बाटली दिली आणि "पाहू दोन महिने" म्हणाले. ते म्हणताना ते माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. जो शब्द त्यांनी उच्चारला नाही तो मीही उच्चारला नाही. आक्कानं त्याच दिवशी घरातली चहाची पूड डब्यासकट शेजारी देऊन टाकली आणि पाल्याचा चहा सुरू केला. अडुळशाची पिकत आलेली पानं, गवती चहाच्या दोन पाती, चार तुळशीची पानं, ठेचलेलं आलं, खडीसाखर. चार पेले पाणी आटून दोन होईपर्यंत उकळायचं. सकाळी तो वास माजघरभर भरायचा, हिरवा आणि जरा उग्र, आणि त्या वासानं मला रोज वाटायचं की आता सगळं ठीक होईल. आम्ही तिघेही तोच चहा प्यायचो. तो कमळेच्या नावाचा होता. दसऱ्यापासून तिचा खोकला थोडा कमीसुद्धा झाला होता.

आणि आता माझं नाव. रात्री पानावर बसलो. समोर आक्का वाढत होती, दाराशी कमळा भिंतीला टेकून बसली होती, आणि दोघींना काहीतरी ठाऊक होतं. मी त्यांच्या तोंडाकडे चोरून बघत होतो. घरातल्या बायका आपल्याविषयी गप्प आहेत हे एकदा कळलं की भातातसुद्धा काहीतरी लपवलंय असं वाटायला लागतं. मी विचारलं असतं तर आक्कानं सांगितलं असतं, ती काही लपवणारी नव्हे. पण विचारलं की उत्तर मिळतं. म्हणून मी ताक भुरकलं आणि बाजारात सुपारी महागल्याचं बोललो.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मी एका खरेदीखताची नकल करत होतो. साधं प्रकरण, दोघे भाऊ, एक आंब्याची बाग. चौदा वर्षांत माझ्या नकलेत काना-मात्रेची चूक निघाली नव्हती, आणि त्याचा मला गर्व होता, हेही सांगून टाकतो. दुपारी शिरस्तेदारांनी कागद माझ्यासमोर टाकला आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय भिकाजीपंत, जिवंत माणसाला कशाला मारलंत?" धाकट्या भावाच्या नावामागं मी माझ्या वळणदार अक्षरात 'मयत' असं लिहिलं होतं. मुळात तो शब्द कुठंच नव्हता. सगळे हसले, मीही हसलो, आणि हसता हसता खोकला आला म्हणून रुमाल तोंडाशी धरला. रुमालावर लाल ठिपका होता. तो मला नवा नव्हता. असे ठिपके मी महिनाभर पाहत होतो आणि पानाचे समजत होतो. पान खाणाऱ्याच्या रुमालाला तांबडं लागायचंच. पण त्या दिवशी घसा बसल्यामुळे मी सकाळपासून पान खाल्लं नव्हतं. मी रुमालाची घडी घातली, ठिपका आत गेला. मग दुसरा कागद घेऊन नकल पहिल्यापासून उतरवली. धाकट्या भावाला जिवंत केला.

त्या संध्याकाळी मांडवीला न जाता थेट घरी आलो आणि परसात गेलो. आक्का सुपात पाला पसरून किडकी पानं वेगळी करत होती. मी तिच्यासमोर दगडावर बसलो.

"काल तू झाडाला माझं नाव सांगितलंस," मी म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. "ऐकलंस होय. बरं झालं, मला सांगायचं जिवावर आलं होतं."

"मला काय झालंय?"

"ते तुला ठाऊक आहे. तुझे रुमाल कोण धुतं? कमळा धुते. पानाचा डाग गार पाण्यानं जात नाही, रक्ताचा जातो. महिना झाला तिला कळून. तिनंच मला सांगितलंन, की आक्का, आता माझं नाव काढा नि त्यांचं घाला. तिला तुझं नाव घेता येत नाही, नाहीतर तिनंच घातलं असतंन आवतण."

"आणि तू घातलंस."

"घातलं. तू माझा भाऊ." किडकं पान तिनं बाजूला टाकलं. "तीन आठवडे मी तिला नाही म्हटलं. मग ती माझ्या पायाशी बसली."

"पण तिला बरं वाटत होतं आक्का. दसऱ्यापासून—"

"वाटत होतं. म्हणून तर."

मग ती पुन्हा किडकी पानं निवडायला लागली. परसात कोंबड्या परतल्या, शेजारी कोणीतरी रहाटाचं पाणी ओढत होतं. मला वाटलं बोलणं संपलं. पण आक्का सूप खाली ठेवून म्हणाली, "आईनं मरताना मला सांगितलंन, की भिकूला सांगू नको. पण मी आता किती दिवस पोटात ठेवू? सखाराम आठवतो तुला?"

सखाराम माझा थोरला भाऊ. तो नऊ वर्षांचा नि मी सहा, तेव्हा गेला. माझ्याआधीची दोन मुलं पाळण्यातच गेलेली, म्हणून मी झालो तेव्हा आईनं मला शेजारणीच्या सुपात घातलं आणि पदर पसरून भीक मागून परत घेतलं. त्यावरून हे नाव. सखारामचं म्हणून मला एवढंच आठवतं, की आम्ही दोघे एका घोंगडीवर निजलेले, दोघांच्याही छातीत घरघर, आणि एकच पेला आळीपाळीनं आमच्या तोंडाला लागतोय. तो माझ्यापेक्षा शहाणा, नाक न दाबता प्यायचा. मी थुंकायचो. तो म्हणायचा, "पी रे भिक्या, मी बघ कसा पितो."

"एकच झाड होतं तेव्हाही," आक्का म्हणाली. "वैद्य म्हणालेन, एकाचंच नाव घ्या. आई दोन संध्याकाळी झाडाशी जाऊन परत आली, नाव न घेता. तिसऱ्या दिवशी मी तिच्यामागं गेल्ये. तिनं तुझं नाव घेतलंन. सखारामला वाटत होतं, चहा आपलाच आहे. शेवटच्या दिवशीसुद्धा पेला पुसून प्यायला."

मला संताप आला. कोणाचा ते कळेना. आईचा, आक्काचा, त्या मेल्या झाडाचा. बत्तीस वर्षं मी स्वतःला दैवानं वाचलेला समजत होतो, चारचौघांत अभिमानानं सांगत होतो की माझा पिंडच चिवट. आणि मी तर कोणाचंतरी औषध पिऊन बसलेला. मी उठून उभा राहिलो आणि जरा मोठ्यानंच म्हणालो, "हे सगळं खुळ्यासारखं आहे. पाल्यात जो गुण असेल तो सगळ्यांनाच येईल. पण तुम्हा बायकांचा एवढा विश्वास असेल तर पुढच्या बुधवारी तिचं नाव घ्यायचं. माझं नाही."

"मग तूच घे," आक्का म्हणाली. "मी एकदा फिरवलं, परत फिरवणार नाही. झाडाशी खेळ करायचा नसतो."

"घेईन."

कमळेला मी आत जाऊन सांगितलं. ती अंथरुणावर उशीला टेकून बसली होती. तिच्या अंगाला तापाचा तो गोडसर वास येत होता, जो हल्ली तिच्या पातळाला, केसांना, आमच्या खोलीला चिकटला होता. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आमच्यात बोलायला तिसरा विषय फारसा नसायचा. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बेतानं बोलत आलो होतो. मी म्हटलं, "तू आक्काला असलं काही सांगायला नको होतंस."

"तुम्ही ऐकलंत?" ती म्हणाली. मग पांघरुणाची दशी पिळत बसली. "मला काय, मी कुठं नोकरी करत्ये."

"वेड्यासारखं बोलू नको. बुधवारी मी स्वतः तुझं नाव घेणार आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण तोंडावरचा ताण असा सैल झाला की मला एकदम कळलं, हिला मरायचं नाहीये. नाव काढून घ्या म्हणाली तेव्हाही मरायचं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "खरंच घ्याल?" आणि लगेच, "पण तुमचं?"

"मला काय धाड भरलीय," मी म्हटलं. त्या क्षणी ते मी अगदी मनापासून म्हटलं होतं. मला स्वतःचं बरं वाटलं. माझ्यावर माझं प्रेम बसलं म्हणा ना.

घोडं अडलं ते पुढच्या सहा दिवसांत. तोडलेला पाला माझ्या नावाचा होता आणि तो संपेपर्यंत प्यायचा होता. शुक्रवारी सकाळी उठलो तर घसा मोकळा. शनिवारी रुमाल पांढरा. रविवारी मी पाखाडीच्या सगळ्या पायऱ्या एका दमात चढलो आणि वर उभा राहून खाडीकडे बघत एक श्वास घेतला, तो थेट तळाशी गेला. कुठं अडला नाही. मला तो परत घ्यावासा वाटला. परत घेतला. श्वास घेणं ही इतकी चवदार गोष्ट असते हे मला अडतिसाव्या वर्षी समजलं. सोमवारी कोर्टात मी दोन माणसांचं काम उरकलं आणि शिरस्तेदार म्हणाले, "काय हो, सासुरवाडीचं जेवून आलात की काय?" आणि त्याच सहा दिवसांत कमळा खाली खाली जात होती. शनिवारी तिला उठून न्हाणीपर्यंत जाताना धाप लागली. रविवारी तिनं भाताला हात लावला नाही. सोमवारी आक्कानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की आज तिच्याही थुंकीत तांबडं होतं. मी तोंडदेखलं "अरेरे" म्हटलं नाही, मला खरोखर वाईट वाटलं. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली, अगदी तळाशी, माझी छाती मोकळी होती, आणि मी तिकडे लक्ष देत होतो. सकाळी पेला तोंडाला लावताना मी तिच्याकडे बघेनासा झालो. ती तोच चहा पीत होती. दोन्ही हातांनी पेला धरून, घोट घोट, एक थेंब न सांडता.

मी मनाशी हिशेबासारखा वाद घातला. हा हवामानाचा फरक. थंडी पडली, माझा कफ सुकला, तिला थंडी सोसत नाही. पान सोडलं म्हणून घसा सुधारला. झाडाचा काही संबंध नाही. आणि झाडाचा काही संबंध नसेल, तर कोणाचंही नाव घेतलं तरी बिघडत काय? ही गोष्ट माझ्या डोक्यात मंगळवारी दुपारी आली. वाक्य अगदी निरुपद्रवी होतं, वकिलानं मांडावं तसं. मी ते मनात दोनदा घोळवलं आणि मग घाबरून कामाला लागलो.

बुधवारी मी वेळेवर घरी आलो. आक्कानं दारातच माझ्या हातावर मूठभर तांदूळ नि सुपारी ठेवली आणि ती देवापाशी दिवा लावायला निघून गेली. कमळा आतून बघत होती. तिनं त्या दिवशी वेणी घातली होती. मी परसात गेलो. सूर्य खाडीपलीकडे टेकला होता, कातळ अजून दिवसाच्या उन्हानं गरम होता, आणि अडुळसा वाऱ्याशिवाय अगदी स्थिर उभा होता. आठवड्याभरात त्याला वरती नवीन पालवी आली होती. मी उकिडवा बसलो, तांदूळ ठेवले, खोडाला हात लावला. खोड मनगटाएवढं, खरखरीत. उद्या सकाळी तुला न्यायला येणार, असं मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला. आता नाव.

तिचं नाव मी कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही. ऐकलंस का, अगो, हे बघ, यातच संसार झाला होता. आणि नाव तरी कोणतं? कमळा हे नाव माझ्या आईनं ठेवलेलं, लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेलं. माहेरी ती गंगा. छाती माहेरची, दुखणं सासरचं. कोर्टात अशा वेळी आम्ही 'उर्फ' लिहितो. झाडाला उर्फ कळतं का? कळत नसेल, नि मी चुकीचं नाव घेतलं तर पाला फुकट जाईल, हिलाही नाही नि मलाही नाही. मी हा विचार मोठ्या गंभीरपणे करत होतो, आणि करता करता मला दिसत होतं की मी वेळ काढतोय. सखारामचा चेहरा आठवायचा मी प्रयत्न केला, तो आठवेना. नुसता पेला आठवला. आईचं काय झालं असेल दोन संध्याकाळी झाडाशी अशी बसून, असं मनात आलं, आणि तिच्याबद्दल माया दाटून आली. इतकी, की रडू येईलसं वाटलं. तिनं मला निवडलं होतं. जगात कोणीतरी एकदा दुसऱ्याला बाजूला सारून मला निवडलं होतं. मी ओठ उघडले. कमळा म्हणायला तोंडाची जी ठेवण लागते ती मी केलीसुद्धा होती. आणि मी माझं नाव घेतलं. चुकून नाही. जीभ घसरली असं मी पुढं कितीदा स्वतःला सांगून पाहिलं, पण नाही. मी ते सावकाश, स्पष्ट, वडिलांच्या नावासकट घेतलं, म्हणजे झाडाचा घोटाळा होऊ नये. मग उठलो, ढोपरांची धूळ झटकली आणि आत गेलो.

"घेतलंत?" कमळेनं विचारलं.

"घेतलं."

गुरुवारी सकाळी आक्कानं पाला तोडून आणला. पायलीभर तरी असेल. नवी पालवी तिनं राखली होती. मला अजून खरं काय ते बोलता येणार होतं. चूल पेटली, पाणी चढलं, आलं ठेचलं गेलं, तो हिरवा वास माजघरात पसरला. पाणी आटायला जितका वेळ लागतो तितका वेळ मला मिळाला होता, आणि तो काही थोडाथोडका नव्हता. आक्कानं तीन पेले भरले. कमळा स्वतः उठून चुलीपर्यंत आली, भिंतीला धरून, आणि पाटावर बसली. तिनं पेला दोन्ही हातांत घेतला, एकदा माझ्याकडे पाहिलं, अकरा वर्षांत पाहिलं नसेल अशा मोकळेपणानं, आणि प्यायला लागली. मी एक शब्द बोललो असतो तर तिनं पेला खाली ठेवला असता. कदाचित हसलीसुद्धा असती. बरं झालं म्हणाली असती. तेच मला नको होतं. तिनं पेला रिकामा केला, तळाची पानं बोटानं निपटून खाल्ली आणि आक्काला म्हणाली, "आज घशाखाली उतरताना कळतंय हो आक्का. आत गरम गरम जातंय." आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही माझा पेला संपवला.

कोर्टाची वेळ झाली तशी मी जेवायला बसलो. कमळा म्हणाली, आज मी वाढत्ये. आक्का नको नको म्हणत होती, तरी ती उठली, पदर खोचला, पातेलं उचललं. महिन्याभरात ती माझ्या पानाशी आली नव्हती. तिनं भात वाढला, वर आमटी घातली, आणि समोर गुडघे दुमडून बसून मी जेवतो ते बघत राहिली. गालांवर तिचे ते दोन ठिपके चांगलेच लाल दिसत होते. मला भूक लागली होती. सपाटून, लहानपणी तापातून उठल्यावर लागते तशी. मी पान साफ केलं. तिनं वाढायला वाकून हात पुढं केला तेव्हा तिची बोटं माझ्या मनगटाला लागली. ती भातापेक्षा गरम होती.

"आणखी घालू?" तिनं आनंदानं विचारलं.

"घाल," मी म्हटलं.